ओला, सुका आणि तिसरी पिशवी: घरातला कचरा नक्की कसा वेगळा करायचा?

तगर

पाककृतीच्या धाग्यावर परवा कचऱ्याचा विषय निघाला आणि पाककृती बाजूलाच राहिली, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी पुण्यात कोथरूडला राहते. आमच्याकडे रोज सकाळी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारात येऊन ओला वेगळा, सुका वेगळा असा कचरा नेतात. त्यांच्या वर्गीकरणाच्या शेडवर मी अधूनमधून जाते, आणि तिथे जे दिसतं ते आपल्याला दारात डबा देताना कधीच दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण डबा दिला की आपल्यापुरता कचरा संपतो. तिथे मात्र तो जमिनीवर ओतला जातो आणि बायका खाली बसून हाताने निवडतात. रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, शांपूच्या बाटल्या, काच, पत्रा, चपला, सगळ्याचे ढीग वेगळे कारण सगळ्याचा भाव वेगळा. आणि हे विकून जे पैसे येतात ते त्यांचे स्वतःचे. म्हणजे आपण घरटी महिन्याला जे देतो ते एक आणि हे भंगाराचे एक, या दोन्हीवर त्यांचं घर चालतं. आता पुठ्ठ्यावर काल रात्रीची आमटी सांडलेली असेल तर तो पुठ्ठा गेला, त्याला कोणी विचारत नाही. त्याच पिशवीत वापरलेलं पॅड उघडं असेल, किंवा फुटलेला ग्लास असेल, तर काय होतं ते मी लिहायला नको.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की वेगळं करायचं ते आपल्या ओट्यापाशीच, जिथे सालं अजून स्वच्छ असतात, कागद अजून कोरडा असतो. एकदा एकत्र झालं की ते वेगळं करणं म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी हात घाणीत घालणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या कामातून पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचकांची संघटना. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेबरोबर करार होऊन दारोदार कचरा घ्यायचं काम या बायकांकडे आलं. कचराकुंडीत वाकून वेचणाऱ्या बाईला दारातून, डब्यातून, मानाने कचरा मिळायला लागला. ते मिळालेलं आपल्या आळसापायी परत जाऊ नये असं मला फार वाटतं.

कुणाला काही शंका असतील, कुठली वस्तू कशात टाकायची वगैरे, तर विचारा. मला माहीत असेल ते सांगेन, बाकी इथे जाणकार आहेतच.

---

खडीसाखर

फार गरजेचा धागा तगर. माझ्याकडे ओला-सुका होतं सगळं पण काही वस्तूंपाशी रोज हात थांबतो. ज्यूसचा खोका? चहाची गाळलेली पावडर ओल्यात, पण टी बॅग? बिस्किटाचा पुडा? नारळाची करवंटी? आणि दुकानाची बिलं?

---

तगर

खडीसाखर, एकेक घेते.

ज्यूसचा किंवा ताकाचा तो खोका म्हणजे टेट्रा पॅक, त्यात कागद जास्त असला तरी आत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे असतात. तो सुक्यात, पण आधी थोड्या पाण्याने विसळून, चपटा करून. त्याचा कागद वेगळा काढणाऱ्या गिरण्या आहेत आणि उरलेल्या पापुद्र्यांचे पत्रे बनतात. टी बॅगची पावडर ओल्यात, पिशवी बऱ्याच वेळा प्लास्टिकच्या धाग्याची असते, ती सुक्यात.

बिस्किटाचा पुडा, वेफर्सचं पाकीट, शांपूची पुडी ही सगळ्यात त्रासाची जात. अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वेगळे होत नाहीत, त्यामुळे भंगारवाला घेत नाही. टाकायचं सुक्यातच पण खरा उपाय आधी आहे, मोठा पुडा घ्या, सुटं घ्या, शक्य असेल तिथे. दुधाच्या पिशवीला मात्र चांगला भाव येतो. ती कापताना कोपरा पूर्ण तोडून वेगळा करू नका, लोंबता ठेवा, कारण तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि शेवटी मातीत नाहीतर गाईच्या पोटात जातो. पिशवी विसळून दोरीवर टाकली की तासाभरात वाळते.

करवंटी ओल्यात टाकू नका, घरच्या खतात ती महिनोन्‌महिने तशीच राहते. नारळाची शेंडी मात्र खताच्या डब्यात तळाशी घालायला उत्तम. दुकानाची चकचकीत बिलं रद्दीत नकोत, तो थर्मल कागद असतो, रसायनाचा थर असतो त्यावर, रद्दी खराब होते त्याने.

---

पेठकर

ताई तुमची कळकळ पोचली, पण एक स्पष्ट विचारतो. आम्ही नेमाने वेगळं करून देतो. घरात माझी आई ७८ वर्षांची, तीसुद्धा भाजीच्या देठाला चिकटलेलं रबर काढून सुक्यात टाकते. आणि खाली गाडीत मी स्वतः बघितलंय की दोन्ही पिशव्या एकाच ठिकाणी गेल्या. मग आईला काय सांगू? हे सगळ्यांचं म्हणणं आहे आमच्या वाड्यात, आणि यामुळेच लोकांनी वेगळं करणं सोडलंय.

---

सागरगोटा

+१ पेठकर. आमच्याकडे पण हेच.

---

तगर

पेठकर, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याला मी टाळाटाळ करणार नाही. असं होतं. सगळीकडे नाही, पण होतं, आणि ते चूकच आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घराने तीन वेगळे प्रकार करून द्यायचे, कुजणारा, न कुजणारा आणि घरातला घातक, असं लिहिलं होतं तसंच गोळा करणाऱ्याने तो वेगळाच न्यायचा हेही होतं. त्यामुळे आईंचं काम त्यांनी केलंय, पुढचं काम ज्याचं आहे त्याच्याकडे आपण मागायचं. तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर, म्हणजे पालिकेच्या सफाईच्या स्थानिक कचेरीत जा, मुकादम सकाळी भेटतात, नाहीतर क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षक. गाडीचा नंबर, वेळ, फोटो, आणि वाड्यातल्या दहाबारा घरांच्या सह्या. एकट्याने केलेली तक्रार फोनवरच विरते, सह्यांचा कागद मात्र आवक नोंदवून घ्यावा लागतो, त्याची पोच घ्या.

आणि त्याआधी एक बघून घ्या, गाडीच्या आत पार्टिशन आहे का. काही गाड्यांना मागून एकच तोंड दिसतं पण आत दोन कप्पे असतात. शिवाय बऱ्याचदा सुक्यातला विकण्याजोगा माल आधीच वेचून काढलेला असतो आणि उरलेलं, ज्याला कुणी घेत नाही ते, गाडीत जाताना आपण बघतो.

तरीही खरंच एकत्र होत असेल, तर ओला कचरा घराबाहेर जाऊच देऊ नका. आपल्या घरच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त वजन ओल्याचं असतं. तो कुंडीत जिरला की खाली जाईल ते सगळं कोरडं, मग एकत्र करायला उरलंच काय. सुकं आठवड्याने भंगारवाल्याला देता येतं, त्याला वास नाही काही नाही.

---

टेकडीवरून

मी पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, कचरा डेपोच्या गावचा. माहेर-सासर असं बायकोचं म्हणाल तर उरुळी देवाची आणि फुरसुंगी. पुण्याचा कचरा आमच्याकडे यायला लागला तेव्हा मी शाळेत होतो. लोक इथे डब्यांचे रंग विचारतायत, चांगलंय, पण मी सांगतो दुसरं टोक कसं असतं.

ओला आणि सुका एकत्र दाबून डोंगर झाला की आत हवा जात नाही. ओलं आत सडतं, त्यातून मिथेन होतो, कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशोबाने साधारण २८ पट तापवणारा. तो पेटतो. आग विझवली तरी आत धुमसत राहते कारण प्लास्टिक आहेच जळायला. मुंबईकरांना जानेवारी २०१६ मधली देवनारच्या कचरा डेपोची आग आठवत असेल, धूर सगळ्या शहरावर आला होता. आमच्याकडे ते लहान प्रमाणात किती वेळा झालं त्याला गणती नाही. आणि पावसाळ्यात त्या ढिगातून काळं पाणी झिरपतं ते थेट विहिरींना. आमच्या विहिरीचं पाणी प्यायचं बंद झालं, टँकर आले. जमिनीला पाणी द्यायचं तर तेच पाणी. लोकांनी गाड्या अडवल्या की बातमी यायची "पुण्यात कचराकोंडी". आमची कोंडी रोजची होती हो, ती बातमी नव्हती.

पेठकर, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या देठाचं रबर काढतात ते आमच्यासाठीच काढतात असं मी समजतो.

---

पेठकर

टेकडीवरून, वाचून दाखवलं आईला. ती म्हणाली त्यांना सांग, मी सोडणार नाही.

सह्यांचं मनावर घेतो. रविवारी बसतो सगळ्यांबरोबर.

---

निवांत

खत करायचं मनात आहे पण फ्लॅट लहान, बाल्कनी एकच आणि त्यात वॉशिंग मशीन. मागे शेजाऱ्यांनी केलं होतं तर वास, चिलटं आणि पांढऱ्या अळ्या, शेवटी मजल्यावर भांडण. मिसेस तेव्हापासून नाव काढू देत नाहीत. खरंच वास न येता होतं का?

---

रानफूल

निवांत, होतं, नक्की होतं. मी गच्चीवर बाग करते आणि सगळी माती घरच्या कचऱ्याची आहे, त्यामुळे हे जरा लांबण लावून सांगते.

वास येतो तो कचऱ्याचा नसतो, पाण्याचा असतो. डब्यात ओलं जास्त झालं, हवा संपली की हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि तो अंड्यासारखा वास येतो. म्हणून ओल्याला कोरड्याची जोड लागतेच लागते. आपली भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा यात नत्र जास्त. वाळलेला पाला, लाकडाचा भुसा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), फाडलेला साधा पुठ्ठा यात कर्ब जास्त. कर्बाचं प्रमाण नत्राच्या २५ ते ३० पट असलं की जिवाणू खूश असतात, पण हे आकडे घरी मोजत बसायची गरज नाही, एक वाटी ओलं टाकलं की त्यावर एक ते दीड वाटी कोरडं टाकायचं आणि ओलं अजिबात दिसता कामा नये इतकं झाकायचं. उघडं साल दिसलं की चिलटं आलीच.

ओलावा कळायला मूठभर घेऊन आवळा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. पाणी गळायला लागलं तर पाला घाला, दोन दिवस नवीन काही टाकू नका. अगदी भुगा झाला आणि मुंग्या आल्या तर कोरडं झालंय, थोडं पाणी नाहीतर आंबट ताक शिंपडा. ताकाने विरजण लागतं, बाजारातलं जिवाणूंचं कल्चर नाही आणलं तरी चालतं, जुनं खत मूठभर मिळालं तर सगळ्यात उत्तम.

त्या अळ्या, मोठ्या, चपट्या, करड्या-पांढऱ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्यांना घाबरू नका. त्या चावत नाहीत, त्यांची माशी घरातल्या माशीसारखी अन्नावर बसत नाही, आणि कचरा त्या झपाट्याने संपवतात. नकोच असतील तर कोरडं वाढवा, कमी होतात.

डबा म्हणाल तर रंगाची रिकामी बादली, सगळीकडून भोकं पाडलेली, खाली ताटली. मशीनच्या बाजूला मावते. दोन बादल्या ठेवा, एक भरली की ती झाकून बाजूला, दुसरी सुरू. साधारण दीड ते दोन महिन्यांत पहिलीतलं खत काळं, भुसभुशीत होतं, पावसात मातीचा वास येतो ना तसाच येतो. चाळून घ्यायचं, जाडं राहिलेलं परत नव्या बादलीत.

लिंबाची, संत्र्याची सालं चालतात, बारीक करून. कांद्याची टरफलं चालतात. उरलेली भाजी-पोळी चालते पण रस्सा गाळून, तेल फार नको. दूध-दही मोठ्या प्रमाणात नको. अंड्याची टरफलं वाळवून चुरून.

आणि पाला! जुलैमध्ये पाला शोधायला गेलात तर मिळणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा रस्त्याकडेला लोक ढीग पेटवून देतात. त्या झाडणाऱ्या मावशींना सांगून पोती भरून घ्या, वर्षभर पुरतात. तो पाला जाळणं थांबलं तरी हवा किती सुधारेल.

---

निवांत

एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मिसेसना वाचायला दिलंय. सध्या पाला नाही तर कोकोपीटवर सुरू करू का?

---

रानफूल

हो. विटेसारखं दाबलेलं कोकोपीट मिळतं ते भिजवू मात्र नका, कोरडंच कुस्करून वापरा. सुताराकडचा भुसा घेणार असाल तर साध्या लाकडाचा घ्या, प्लायचा नको, त्यात चिकट रसायन असतं.

---

माडबन_कडचा

आमच्या कोकणात ओल्याचा प्रश्न पूर्वी नव्हताच. माशाचं पाणी, खवलं, काटे सगळं माडाच्या आळ्यात, वर पातेरा, म्हणजे वाळका पाला. आजही तसंच करतो, खड्डा हातभर खोल घ्यायचा नाहीतर कुत्री उकरतात. शहरातल्या लोकांना माशाचं काय करायचं कळत नाही म्हणून सांगितलं, मोठं ड्रम असेल तर मधोमध पुरून भरपूर पाला घातला की वास येत नाही.

आमचा खरा प्रश्न प्लास्टिकचा. आंघोळीच्या पाण्याचा बंब सकाळी पेटवायचा तर चुरचुरीत पेटतं म्हणून प्रत्येक घरात पिशवी, पाकिटं, फाटकी चप्पल त्यात घालतात. ते बंद झालं पाहिजे हो. त्यातला धूर पोरं आणि म्हाताऱ्या बायका घेतात. पीव्हीसीसारखं काही जळलं तर डायॉक्सिन नावाचं विष होतं, आणि ती राख पुन्हा आपण भाजीच्या वाफ्यात टाकतो.

वेंगुर्ल्याला रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना जे झालं ते सगळ्यांनी जाऊन बघावं असं आहे. घराघरातून वेगवेगळा केलेलाच कचरा घ्यायचा, मिश्र घ्यायचा नाही, यावर ते ठाम राहिले. जिथे नाक धरून जावं लागायचं त्या डंपिंगच्या जागेवर झाडं लागली, बायोगॅस झाला, लोक सहलीने बघायला यायला लागले. प्लास्टिकचे तुकडे करून डांबरात घालून रस्ते केले. लहान गाव आहे, निधी काय फार नव्हता. जागच्या जागी वेगळं करणं हेच त्याचं बळ होतं.

---

तगर

माडबन, बंबाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पुण्याच्या आसपासच्या गावांतही हेच आहे.

---

फोंड्याची_लेक

गोंयांत साळगावला सरकारी प्रकल्प आहे, ओल्यापासून गॅस आणि वीज होते, आणि सुकं तिथेच निवडतात. पणजीत तर काही वसाहतींमध्ये लोक सुकं सोळा प्रकारांत वेगळं करतात. ऐकायला भयंकर वाटतं पण तिथे सोसायटीच्या खालीच कप्पे करून ठेवलेत, घरातून दोन-तीन पिशव्यांत आणायचं आणि खाली उभं राहून ज्या त्या कप्प्यात टाकायचं. सवय लागते.

---

सॅनहोजे_वाले

इथून थोडं. कॅलिफोर्नियात एसबी १३८३ नावाचा कायदा आहे, १ जानेवारी २०२२ पासून ओला कचरा वेगळा गोळा करणं सगळ्या शहरांना लागू झालं. पण तीन डबे दिले म्हणून प्रश्न सुटत नाही हे मी शेजारात रोज बघतो. रिसायकलच्या डब्यात लोक मनाला बरं वाटावं म्हणून काहीही टाकतात, बागेचा पाइप, फोमचा डबा, पिशवीत बांधलेल्या बाटल्या. त्या पिशव्या यंत्रात गुंडाळल्या जातात आणि अख्खा पट्टा थांबवावा लागतो. अनेक वर्षं हा सगळा माल जहाजाने चीनला जायचा, २०१८ पासून चीनने दार लावलं तेव्हा कुठे इथल्या लोकांना कळलं की आपलं 'रिसायकल' दुसऱ्याच्या अंगणात चाललं होतं. टेकडीवरून यांची पोस्ट वाचताना तेच आठवलं.

आणि शहरागणिक नियम बदलतात. तेलकट पिझ्झाचा खोका आमच्या भागात ओल्यात टाका म्हणतात. म्हणून इकडच्या मराठी मंडळींना सांगणं, आपल्या शहराच्या साइटवर वस्तूचं नाव टाकून बघा, शेजारच्या शहरात राहणाऱ्या मित्राला विचारू नका.

---

स्टुटगार्ट_ताई

जर्मनीत ओल्याच्या डब्यात प्लास्टिक दिसलं तर डब्याला चिठ्ठी लावून जातात आणि डबा तसाच भरलेला राहतो. पुढची खेप येईपर्यंत तो तुमचा. काचेचं तर पांढरी, तपकिरी, हिरवी वेगळी, रस्त्यावरच्या पेट्यांमध्ये, आणि रविवारी टाकायची नाही कारण आवाज होतो. पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, दुकानात मशीनला बाटली दिली की परत. त्यामुळे रस्त्यावर बाटली पडलेली राहतच नाही, कुणीतरी उचलतंच. आपल्याकडे काचेच्या सोड्याच्या बाटलीला ही पद्धत होतीच की, ती प्लास्टिकला लावायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

---

सागरगोटा

आमची सोसायटी मोठी आहे, तीन टॉवर. प्रत्येक मजल्यावर चूट आहे, म्हणजे कचरा थेट खाली टाकायचा पाइप, त्यात सगळं एकत्र जातं. रोजचा कचरा १०० किलोच्या वर, त्यामुळे पालिकेने ओला आतच जिरवा म्हणून नोटीस दिली. बिल्डरने नकाशात दाखवलेली गांडूळखताची टाकी आहे, तिच्यात सध्या जुन्या टाइल्स ठेवल्यात. कमिटीत मी नवीन आहे. सुरुवात कुठून करू? दंड लावा असं निम्मे सभासद म्हणतात.

---

खिडकीतली_तुळस

सागरगोटा, आमच्याकडे हे यशस्वी झालंय म्हणून लिहिते. दंड शेवटी, आधी चूट बंद. झाकणांना कुलूप लावा. चूट असेपर्यंत कोणी वेगळं करणार नाही कारण कुणी टाकलं ते कळतच नाही. दारातून घ्यायला सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच फरक दिसतो.

दुसरं, आणि हे कुणी लक्षात घेत नाही, घरात डब्यात कचरा टाकतं कोण? बहुतेक घरांत घरकामाच्या मावशी. आणि मीटिंगला जातात साहेब. सूचना इंग्रजीत लिफ्टमध्ये लागते. आम्ही सगळ्या मावशींना दुपारी चहाला बोलावलं, चटई टाकून खऱ्या वस्तू मांडल्या, आणि कचरा नेणाऱ्या ताईंनाच बोलायला सांगितलं. त्यांनी हातावरची काचेने कापल्याची खूण दाखवली. त्यानंतर मावशीच मालकिणीला सांगायला लागल्या की बाई हे यात नाही.

तिसरं, ओल्या डब्यात प्लास्टिकची पिशवी घालायची पूर्ण बंद करा. वर्तमानपत्राचा कागद घाला तळाशी किंवा डबा रोज विसळा. पिशवीत बांधून दिलेला ओला कचरा म्हणजे परत कुणीतरी ती हाताने फाडायची.

आणि टाकी चालू झाली की पालिकेकडे मिळकत करातल्या सवलतीची चौकशी करा. पुण्यात गांडूळखत, सौर, पावसाचं पाणी यांपैकी एक असेल तर ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के अशी सवलत आहे. नुसतं बांधून उपयोग नाही, चालू असल्याचं बघायला येतात.

---

सागरगोटा

मावशींच्या चहाचं फार आवडलं. हे आमच्या डोक्यात आलंच नसतं. पुढच्या मीटिंगमध्ये चूट बंदचा ठराव मांडतो.

---

खडीसाखर

तिसऱ्या पिशवीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. सॅनिटरी पॅड, डायपर. माझी मुलगी लहान आहे आणि घरी सासूबाई अंथरुणावर, त्यांनाही डायपर. म्हणजे रोज बऱ्यापैकी निघतात.

---

तगर

खडीसाखर, बरं झालं विचारलंत, शीर्षकात घालून मी त्यावर लिहिलंच नव्हतं.

पॅड असो की डायपर, जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचं आणि वर लाल पेनाने मोठा ठिपका. पुण्यात 'स्वच्छ'ने हीच लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती. ठिपका दिसला की निवडणारी बाई ते उघडत नाही, बाजूला ठेवते. किती साधी गोष्ट आहे, पण ठिपका नसेल तर तिला आत काय आहे ते उघडून बघावंच लागतं. कचरावेचक बायका वर्तमानपत्राच्या खास पुड्याही बनवतात, मिळाल्या तर त्या घ्या. २०१६ च्या नियमांत कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला पाकीट द्यावं असं होतं. दुकानात बघा, नसेल तर कंपनीच्या नंबरवर फोन करून मागा.

डायपरमधली शी आधी संडासात टाकायची, मग गुंडाळायचं. सासूबाईंच्या बाबतीत हे अवघड आहे, समजू शकते, पण जेवढं जमेल तेवढं. आणि हे सगळं ओल्यात नाही, सुक्यातही नाही, स्वतंत्र पिशवीत.

त्याच पिशवीत नाही, पण वेगळं ठेवायचं अजून एक म्हणजे घातक कचरा. सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, सीएफएल (यात पारा असतो, फोडू नका), रंगाचे डबे, झुरळाचं औषध, मुदत संपलेल्या गोळ्या. एका खोक्यात साठवा आणि महिन्याने एकदा वेगळं सांगून द्या.

---

निवांत

वडिलांना इन्सुलिन आहे. सुया आतापर्यंत टोपण लावून सुक्यात देतोय. हे चालतं का?

---

भूलतज्ज्ञ

निवांत, मी डॉक्टर आहे, याचं उत्तर देतो. टोपण लावलेलं पुरेसं नाही, पिशवी दाबली की टोपण निघतं आणि सुई हातात घुसते. टोचलेल्या सुईतून कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही पसरू शकतो. तुमच्या वडिलांना यातलं काही नसेलही, पण ज्या बाईला टोचलं तिला ते माहीत नसतं, आणि तिला पुढचे कित्येक महिने तपासण्या आणि धास्ती.

जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिनाइलची किंवा कपड्याच्या लिक्विडची रिकामी, पाण्याची पातळ नको. सुई वापरली की लगेच त्यात, टोपण पुन्हा लावायच्या भानगडीत पडू नका कारण तेव्हाच स्वतःला टोचतं. पाऊण भरली की झाकण घट्ट करून वर टेप. बाहेर जाड पेनाने "सुया, उघडू नका" असं मराठीत आणि हिंदीत लिहा. मग शक्यतो तुमच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये द्या, त्यांच्याकडे वैद्यकीय कचऱ्याची वेगळी गाडी येते. बहुतेक जण विनंती केली तर घेतात. नाहीच घेतली तर कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात द्या, तोंडाने सांगून, पिशवीत लपवून नाही.

ग्लुकोमीटरच्या टोचायच्या बारीक सुयाही यातच. दाढीची पाती पण.

---

निवांत

आजच बाटली ठेवतो. धन्यवाद डॉक्टर.

---

रानफूल

गणपती जवळ येतायत म्हणून निर्माल्याचं आत्ताच सांगून ठेवते. हारातला दोरा, जरीची पट्टी, थर्माकोलचे मणी आधी काढा, मग फुलं-दूर्वा-पत्री खताच्या बादलीत. फुलं ओली असतात, त्यामुळे कोरडं नेहमीपेक्षा जास्त घाला. ज्यांना देवाची फुलं कचऱ्याच्या बादलीत टाकणं पटत नाही त्यांनी वेगळी कुंडी करा, नुसत्या निर्माल्याची, आणि ते खत तुळशीला.

---

पेठकर

रविवारची बैठक झाली. चौदा घरांपैकी अकरांनी सह्या केल्या, उरलेले गावाला गेलेत. कोठीवर देऊन पोच घेतली. मुकादम म्हणाले सकाळी सातच्या गाडीला पार्टिशन आहे, नऊच्या गाडीला नाही, तर तोवर तुम्ही सातला देता का. आम्ही हो म्हटलं. नऊच्या गाडीचं लेखी मागितलंय, त्याचा पाठपुरावा चालू ठेवतो आणि इथे कळवतो. रानफूल, वाड्याच्या मागे चाफा आणि जुना आंबा आहे, पाला भरपूर पडतो. कुणाला पोतं हवं असेल तर निरोप टाका, शनिवारी संध्याकाळी घरी असतो.